सीताफळ टिकत नाही, ही तक्रार नेमकी कोणाची?

'नाशवंत' हा शब्द मला आताशा खटकायला लागलाय. शब्द जुनाच आहे. कीर्तनात देह नाशवंत असतो आणि बाजारभावाच्या बातम्यांत माल नाशवंत असतो, दोन्हीकडे आपण तो मुकाट्याने ऐकतो. पण आमच्या बीडच्या सीताफळाबद्दल कोणी तो वापरला की मला लगेच वाद घालावासा वाटतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे हे संभाषण ठरलेलं. कोणीतरी गावाकडून सीताफळं घेऊन येतं. पहिल्या दिवशी ती दगडासारखी असतात. तिसऱ्या दिवशी सगळी एकदम पिकतात. पाचव्या दिवशी उरलेली काळी पडून आंबूस वास मारायला लागतात आणि मग कोणीतरी उसासा टाकतं, "फळ काय गोड आहे हो, पण मेलं टिकत नाही!" (आत्या, हे वाक्य तुमचं आहे. पण एकट्या तुमचं नाही, तेव्हा राग मानू नका.)

माझं म्हणणं थोडक्यात असं: टिकत नाही हा सीताफळाचा दोष नाही. ते फळ त्याचं काम चोख करतं. अडचण आपली आहे, कारण आपण ते झाडापासून तीनशे किलोमीटरवर बसून खायला मागतो. आणि ही अडचण आपण फळाच्या नावावर टाकली की तिचा भुर्दंड डोंगरातून फळं उतरवणाऱ्या बाईला बसतो. आता हे जरा सविस्तर सांगते. वाट थोडी लांबची आहे, उंबर, बोर, बिब्बा असं करत करत जाईल, पण सोबत या.

आधी मुळातला प्रश्न. झाड फळ कशाला धरतं? आपल्यासाठी नाही, हे तर उघड आहे. झाडाला पाय नाहीत. बी आपल्याच सावलीत पडलं तर रोपाला ऊन नाही, पाणी नाही, आणि आईशीच भांडण. म्हणून बी लांब न्यायला कोणीतरी हमाल हवा. वटवाघूळ, बुलबुल, वानर, कोल्हा, जो भेटेल तो. हमालाला मजुरी द्यावी लागते, ती मजुरी म्हणजे गर. साखर, पाणी, रंग, वास.

आता गंमत अशी की साखर आणि पाणी एकत्र ठेवलं की बोलावलेला पाहुणा यायच्या आधी न बोलावलेले येतात. बुरशी, यीस्ट, जिवाणू. त्यांना बी कुठेही न्यायचं नसतं, नुसतं जेवायचं असतं. डॅनियल जॅन्झन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७७ साली यावर एक फार मजेशीर निबंध लिहिला. फळं सडतात का, बियांना बुरशी का येते आणि मांस का नासतं, असा त्याचा विषय. आपल्याला वाटतं सडणं म्हणजे आपोआप होणारी गोष्ट. जॅन्झन म्हणाला, तसं नाही, ही स्पर्धा आहे. एखाद्या मोठ्या प्राण्याने फळ गिळलं तर आतले सूक्ष्मजीवही पोटात जाणार, त्यांचा कारभार आटोपला. म्हणून त्यांच्या फायद्याचं हेच की फळ लवकरात लवकर दुसऱ्या कोणाला खावंसं वाटू नये. आंबट करा, दारूचा वास आणा, विषारी करा. उष्टं करून ठेवणाऱ्या पोराची युक्ती असते ना, अगदी तीच!

मग झाडाने काय करावं? फळात कडू, तुरट, जहाल असं काहीतरी भरावं, म्हणजे बुरशी लांब राहील. पण जे बुरशीला नको वाटतं ते बहुतेक वेळा बुलबुललाही नको वाटतं. फार राखलं तर गिऱ्हाईक येत नाही, फार मोकळं सोडलं तर चोर लुटतात. प्रत्येक फळझाडाने आपापल्या परीने यातून मार्ग काढलाय, आणि तो बघायला कुठे लांब जायची गरज नाही.

बालाघाटचे डोंगर आमच्या जिल्ह्याच्या मधून जातात. पाटोदा, बीड, केज, धारूर, अंबाजोगाई. पावसाने हुलकावणी दिलेला, काटेरी, खडकाळ मुलूख. (ज्यांनी हे डोंगर फक्त एप्रिलमध्ये एस्टीच्या खिडकीतून पाहिलेत त्यांना इथे काही उगवतं यावर विश्वास बसत नाही, ते सोडा.) या मुलखात प्रत्येक फळाचा हिशोब वेगळा.

उंबर घ्या. उंबराने राखणदार ठेवायचा नादच सोडलाय. बुंध्याला, फांद्यांना घोसच्या घोस लागतात, पिकले की मऊ, आणि फोडलं की आत किडे. तरी झाडावर झुंबड असते. दिवसा पाखरं, रात्री वटवाघळं. दोन दिवसांत फडशा पडतो आणि खाली पडलेल्यांचा चिखल होतो. उंबराला त्याची पर्वा नाही. बिया मोहरीहून बारीक आणि अगणित, थोड्या जरी योग्य जागी पोचल्या तरी भागलं. जांभळाचंही तसंच. मृगाच्या पावसाबरोबर पिकायचं, जीभ निळी करायची आणि दोन दिवसांत संपायचं. लिंबोळीला तर घाईचं कारणच आहे. कडुनिंबाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, त्यामुळे पावसाच्या तोंडावर पिकून, साळुंक्या-बुलबुलांकरवी लगेच पसरणं हाच तिचा शहाणपणा.

आता दुसऱ्या टोकाला बोर. थंडीत पिकतं, गळतं, खाली पडून सुरकुततं, आणि आठ-पंधरा दिवसांनी उचलून तोंडात टाकलं तरी बोरच लागतं. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, पण तो बोरालाही तितकाच राजी असतो, आणि ते त्याच्या विष्ठेतल्या बियांवरून कळतं. हे गिऱ्हाईक रोज येईलच असं नाही, म्हणून बोराला वाट बघता आली पाहिजे. चिंचेचं तर विचारूच नका. पाणी कमी, आंबटपणा भरपूर, वर टरफल. महिनोन्‌महिने झाडावर लोंबते आणि मीठ लावून बरणीत भरली की वर्षभर हलत नाही. आवळ्याने तुरटपणाचा आधार घेतलाय. राजाजी राष्ट्रीय उद्यानातला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की चितळं आवळे खातात आणि मागाहून रवंथ करताना बिया थुंकून टाकतात. आपल्या शेळ्यांचाही हाच शिरस्ता आहे. शेळ्या-मेंढ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि पेरणीसाठी बाभळीचं बी गोळा करणारे लोक ते झाडाखाली न शोधता मेंढवाड्यात शोधतात, कारण तिथलं बी चांगलं उगवतं.

कवठाने सरळ लाकडी पेटीच केली. महाशिवरात्रीला आणलेलं कवठ आठवडाभर कोपऱ्यात पडलं तरी बिघडत नाही, मात्र फोडायला उंबरा नाहीतर दगड लागतो. म्हणजे त्याचं गिऱ्हाईकही तसंच दांडगं असणार.

आणि माझं आवडतं, बिब्बा. बिब्ब्याने दोन्ही गोष्टी वेगळ्याच करून टाकल्या. वर देठाकडे केशरी, मांसल, गोड भाग, जो वाळवून आपण बिब्ब्याची फुलं म्हणून खातो. त्याला चिकटलेलं खालचं काळं बी, ज्याच्या तेलाने कातडीला फोड येतात आणि ज्याने परीट कपड्यांवर खुणा करायचे. मजुरी एका हातात, सोटा दुसऱ्या हातात. कोणाच्या कामात बिब्बा घालणं आपण वाईट समजतो, पण बिब्ब्याने स्वतःचं काम किती नीट केलंय बघा.

हे सगळं मी नुसतं मनाने जोडतेय असं नाही. मार्टिन सिपोलिनी आणि एडमंड स्टाइल्स या दोघांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रानफळांवर बुरशी वाढवून वाढवून हाच हिशोब तपासला. त्यांचा विचार साधा आहे. जे फळ पिकल्याबरोबर खाल्लं जातं त्याला राखणीवर खर्च करायची गरज नाही. ज्याला गिऱ्हाइकाची वाट बघत झाडावर लटकायचं आहे त्याने राखण ठेवली पाहिजे, मग चव थोडी उतरली तरी चालेल. आपल्या भाषेत सांगायचं तर भाजीवाल्याचं दुकान आणि किराणा मालाचं दुकान. दोन्ही दुकानंच, पण भाजीवाल्याला 'तुझा माल वर्षभर का टिकत नाही' असं कोणी विचारत नाही.

यातला सगळ्यात हुशार तोडगा मात्र मिरचीने काढलाय, आणि ठेचा खाणाऱ्या माणसांना तो माहीत असायलाच हवा. जोशुआ ट्यूक्सबरी, डग्लस लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या रानमिरच्या पाहिल्या. तिथे एकाच जातीत काही झाडं तिखट तर काही बिनतिखट. रस शोषणारे ढेकणासारखे किडे मिरचीला भोकं पाडतात आणि त्या भोकांतून बुरशी आत शिरून बियांची नासाडी करते. २००८ साली त्यांनी दाखवून दिलं की तिखटपणा ही बुरशी आवरतो, आणि जिथे किडे जास्त तिथे तिखट झाडंही जास्त. बरं, पाहुण्याचं काय? बी पसरवतात पाखरं, आणि पाखरांना तिखट लागतच नाही! उंदीर-घुशी बिया चावून खातात, त्यांना मात्र झोंबतं. म्हणजे चोराला झोंबेल आणि पाहुण्याला कळणारही नाही असा बंदोबस्त. मग माणूस नावाचा प्राणी आला आणि झोंबतं म्हणूनच खायला लागला, पण आपलं सगळंच उलटं.

तर आता सीताफळ.

सीताफळ मूळचं इथलं नाही, अमेरिकेकडचं आहे. पण आमच्या डोंगरात असं रुजलंय की परकं म्हणायला जीभ रेटत नाही. रुजायचं एक कारण म्हणजे त्याचा पाला शेळी खात नाही. ज्या उतारावर बाकी सगळं चरून फस्त झालं तिथे सीताफळ हिरवंगार उभं राहिलं. धारूरच्या आसपासच्या डोंगरात ते कोणी लावलेलं नाही, पाणी घातलेलं नाही. २०१६ साली 'बीड सीताफळ' म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पैठणीला मिळालं तसंच. घरात त्या बातमीचं कौतुक झालं आणि लगेच पुढचं वाक्य आलंच, "पण टिकत नाही ना!"

सीताफळाचा हिशोब असा. कच्चं असताना ते टणक, तुरट, पिठूळ, कोणी वळूनही बघत नाही. ती त्याची राखण. मग डोळे उघडतात, म्हणजे सालीवरच्या खवल्यांच्या मधल्या फटी रुंद होऊन पिवळसर दिसायला लागतात. तेव्हा आमच्याकडे म्हणतात, आता उतरवा. उतरवल्यावर आतल्या आत इथिलीन नावाचा वायू तयार होतो आणि तो सगळ्या फळाला एकदम पिकवतो. पिठाची साखर होते, साल सैल होते, घमघमाट सुटतो. इतके दिवस दरवाजे बंद ठेवून बसलेलं फळ दोन-तीन दिवसांत सगळे दरवाजे एकदम उघडतं. वटवाघळं, वानरं, बुलबुल, खारी, सगळ्यांना एकदम आवतण. मग मुंग्या आणि बुरशीही त्याच दारातून येणार, त्याला इलाज नाही. बी मात्र काळं, गुळगुळीत, कडक आणि विषारी. त्याची पूड उवांसाठी लावायची जुनी पद्धत होती (करू नका, डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते). म्हणजे गर खा, बी टाक, असा चोख करार. आपणही तेच करतो. मांडी घालून बसायचं, गर चोखायचा आणि फुर्रकन बी अंगणात. वानरात आणि आपल्यात या बाबतीत काही फरक नाही.

या करारात एक गोष्ट गृहीत आहे: खाणारा जवळ आहे. दोन दिवस हा वेळ त्या डोंगरात भरपूर आहे. पुणे-मुंबईच्या हिशोबात तो काहीच नाही.

आणि आपले नेहमीचे उपाय इथे चालत नाहीत, हेही बघा. कच्चं सीताफळ फ्रीजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते आणि नंतर ते धड पिकतही नाही. उष्ण देशाचं फळ ते, त्याला थंडी बाधते. आंब्यासारखा आटवायला जावं तर गर तापवल्यावर कडवट होतो, म्हणून सीताफळाचा मुरंबा तुम्ही कधी खाल्ला नसेल. नुसता गर काढून उघडा ठेवला तर हवेने तपकिरी होतो. सगळीकडून अडलेलं प्रकरण.

आता यात भरडलं कोण जातं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात धारूरच्या घाटात आम्ही गाडी थांबवली होती. रस्त्याच्या कडेला बायका टोपली मांडून बसतात. एका मावशींना मी सहज विचारलं, की उरलेली फळं संध्याकाळी काय करता. त्या म्हणाल्या, "सांजंपातुर जे येईल ते घ्यायचं ताई. उद्या त्याला कोन इचारतंय?" पहाटे डोंगर चढायचा, काट्याकुट्यातून हेरून हेरून डोळे उघडलेली फळं उतरवायची, डोक्यावरून खाली आणायची. व्यापाऱ्याची गाडी येते तेव्हा भाव ठरतो, पण ठरवणारा एकच असतो. कारण तो उद्या आला तरी त्याचं चालतं, हिचं चालत नाही. ज्याला थांबता येतं त्याचा भाव. फळाचे दोन दिवस म्हणजे तिच्या घासाघिशीचे दोन दिवस, त्यातला एक घाट उतरण्यातच गेलेला.

त्यात आमच्या जिल्ह्याचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. निघायच्या आधी हातात चार पैसे यायला हे एक फळ आहे, ज्याला ना बियाण्याचा खर्च, ना खताचा, ना विहिरीच्या पाण्याचा. आणि ते नेमकं त्याच दिवसांत पिकतं. माझ्या लेखी बीड जिल्ह्यात सीताफळाचं महत्त्व गोडीपेक्षा या वेळेमुळे जास्त आहे.

यावर नेहमीचं उत्तर असतं की टिकणारं सीताफळ तयार करा. तसे प्रयत्न झालेत आणि ते वाईट नाहीत. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. धारूर-६ ही निवड आमच्याच डोंगरातल्या झाडांतून आलेली. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांचं एनएमके-१ गोल्डन तर महाराष्ट्रभर पसरलंय. मोठं फळ, कमी बिया, आणि जास्त टिकतं अशी त्याची ख्याती. ज्यांच्याकडे शेत आहे, ठिबक आहे, त्यांना त्याने पैसा दिलाय, आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. दुष्काळी भागात शेतकऱ्याच्या हाती काही लागत असेल तर त्यावर शहरात बसून नाक मुरडणारी मी कोण?

पण दोन गोष्टी विसरू नयेत असं मला वाटतं. पहिली, राखण वाढवली की मजुरी कमी होते, हा रानाचा हिशोब बागेतही पूर्ण सुटत नाही. टोमॅटो बघा. हळू पिकणाऱ्या, पिकायचा वेग मुळातच मंदावलेल्या वाणांमुळे टोमॅटो ट्रकमधून दूरवर जायला लागला, पण चव उतरली ही तक्रार जगभर आहे. १९९४ साली अमेरिकेत फ्लेवर सेव्हर नावाचा, जनुक बदललेला, उशिरा मऊ पडणारा टोमॅटो बाजारात आला होता. काही वर्षांतच तो गुंडाळावा लागला. टिकाऊपणा फुकट मिळत नाही, त्यासाठी कुठेतरी काहीतरी सोडावं लागतं.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. टिकणारं सीताफळ ज्याच्या शेतात लागेल त्याचं होईल. डोंगर चढणाऱ्या मावशीचं शेत कुठाय? तिच्या झाडाचं फळ दोन दिवसच टिकणार. बाजाराला टिकाऊ फळाची सवय लागली की तिचं फळ 'जंगली', 'बारीक', 'बियाळ' म्हणून आणखी खाली जाणार. म्हणजे 'टिकत नाही' या तक्रारीवर आपण शोधलेलं उत्तर बरोबर तिलाच वगळून जातं.

मग काय करावं? माझं उत्तर रानातूनच घेतलंय: खाणारा जवळ आणा. डोंगराच्या पायथ्याशी, फळ उतरतं त्या गावात, गर काढून लगेच गोठवायची सोय करा. उणे १८ अंशांच्या आसपास गोठवलेला गर कित्येक महिने चांगला राहतो, कच्च्या फळाला बाधणारी थंडी त्याला बाधत नाही, आणि तापवायचं नाही म्हणून कडवटही होत नाही. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. राजस्थानात पाली जिल्ह्यात, अरवलीच्या डोंगरात, आदिवासी बायका जंगली सीताफळाचा गर असाच काढतात आणि तो आइस्क्रीमवाल्यांकडे जातो. तिथला डोंगर आपल्यासारखाच उघडाबोडका, झाडंही कोणी न लावलेलीच. आपल्याकडेही कुठे कुठे लहान उद्योग उभे राहिलेत, पण ते अजून डोंगराच्या मानाने फार थोडे आहेत. पुण्या-मुंबईत वर्षभर सीताफळ रबडी, सीताफळ मिल्कशेक खाणाऱ्यांची कमी नाही, म्हणजे गिऱ्हाईक शोधायचं कामही नाही.

आणखी एक फायदा आहे, जो हिशोबाच्या वहीत येत नाही. सीताफळाच्या वजनातलं साधारण निम्मं साल आणि बियाच असतात. आज ते निम्मं वजन भाडं भरून आपण शहरात नेतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतो. झाडाने इतकी गोड मजुरी दिली, आणि हमालाने बी नेऊन टाकलं कुठे, तर शहराच्या कचरा डेपोत! गर पायथ्याशी निघाला तर बी पायथ्याशी राहील, पावसाळ्यात त्याच उतारावर टोचता येईल.

माझा एक मामेभाऊ (तो हे वाचणार आहे, म्हणून आधीच उत्तर देऊन ठेवते) म्हणेल, "प्रक्रिया उद्योग हा भाषणातला शब्द आहे. वीज कुठाय? भांडवल कुठाय? आणि हंगामाच्या ऐन मध्यात बायका तोडीला निघून जातात." बरोबर आहे. म्हणूनच मी कारखाना म्हणत नाही. बचत गटाला चालवता येईल असं शीतगृहाचं कपाट, विजेची खात्री नसेल तर जनरेटर, स्वच्छ पाण्याची जागा आणि आधी ठरवलेला खरेदीदार, एवढ्यापासून सुरुवात होते. गर काढायला हातांचं काम लागतं, आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वीचे महिना-दीड महिना ते हात गावातच असतात. त्या दिवसांत गर काढायची मजुरी मिळाली तर एखादी बाई यंदाची उचल थोडी कमी घेईल. एखादी कदाचित जाणारच नाही. हे फार मोठं स्वप्न आहे असं मला वाटत नाही. भावासाठी मात्र याचा अर्थ एकच: जिच्या हातात गोठवलेला गर आहे तिला उद्यापर्यंत थांबता येतं.

फळाला मुदत वाढवून द्यायला आपण इतकी वर्षं खटपट करतोय. ती मुदत फळापेक्षा बाईला मिळाली तर जास्त बरं, एवढंच माझं मत.

आणि सगळा डोंगर ओरबाडू नका, हेही लगे हात सांगून टाकते. काही फळं झाडावर राहू द्यावीत. वटवाघळांनी फुकट केलेली लागवड कुठल्याच योजनेत बसत नाही, पण धारूरचा डोंगर हिरवा आहे तो त्यांच्याही जोरावर.

असो, लांबलं. तुमच्यापैकी कोणी या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंबाजोगाई-धारूरकडे जाणार असाल तर रस्त्याकडेच्या टोपल्यातली घ्या, आणि तिथे घासाघीस नको. पिकलेली निवडून त्याच दिवशी खा, टणक घरी आणून धान्यात पुरून ठेवा आणि रोज चाचपून बघा. पिकली की शेजाऱ्यांना बोलवा. पाच-सहा एकदम पिकतात ती एकट्याने संपवायची नसतातच. बिया वाळवून जपून ठेवा, पुढच्या आषाढात गावी जाताना एखाद्या बोडक्या उतारावर टाकून या. आणि आत्या, यंदा तुमच्याकडची आधी संपवू, मग आमच्याकडची.